वीव्हर्सची पायरी

लहान मुलांसाठी आणलेली उंच खुर्ची ठेवायची कुठे, हेच नोरीनला सुचेना. खिडकीशी ठेवली तर फटीतून वारा, शेकोटीशी ठेवली तर निखारे, आणि दाराशी ठेवली तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या ग्लासातली बिअर पोराच्या डोक्यावर. शेवटी तिनं ती डॉमिनो खेळायच्या टेबलाला टेकवली आणि मान वर केली, तर दारात सिरिल, टोपी हातात धरून उभा.

"माझ्यासाठी का गं ती?" तो म्हणाला. "इतकाही म्हातारा नाही झालो, पोरी."

त्याच्या मागून रेज हसला. नोरीनला काही हसू आलं नाही.

दारावरची पाटी तिनं आजच उतरवली होती. 'लहान मुलांना प्रवेश नाही.' पाटीच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन तेवढा उरला होता, आणि येणारा प्रत्येक जण त्याकडे बघून मगच आत येत होता. कुत्र्यांना तिच्या या वीव्हर्स पबमध्ये कधीच मज्जाव नव्हता. कुत्र्याला शेकोटी, पाण्याचं भांडं आणि वर चार कौतुकाचे शब्द. मुलाला मात्र बाहेरची पायरी. या खोऱ्यातल्या सगळ्याच पबांत तसंच चालत आलेलं.

पण गिरण्या बंद पडून जमाना लोटला होता. आता गिरण्यांच्या इमारतींत फ्लॅट झाले होते, फ्लॅटांत शहरातली तरुण जोडपी आली होती, आणि जोडप्यांना मुलं होती. पबची मालकी असलेल्या बिअर कंपनीचा माणूस चहा ढवळत गोड आवाजात सांगून गेला होता, की रविवारच्या जेवणाला ही कुटुंबं आली तर ठीक, नाहीतर ईस्टरच्या आत पबला कायमचं कुलूप. हे तिनं नेहमीच्या मंडळींना सांगितलं तेव्हा रेजनं टेबलावर डॉमिनोची सोंगटी आपटून जाहीर केलं होतं, की पोरं आली की तो बोलिंग क्लबला चालता होणार.

"पब म्हणजे थोरांनी घटकाभर पोर व्हायची जागा," सिरिल म्हणाला होता. "खरी पोरं आल्यावर आम्ही कुठं जायचं गं?"

त्या रात्री नोरीनला झोप लागली नव्हती.

एकच्या सुमारास गर्दी झाली. भाजलेलं मांस, त्याच्याबरोबरची फुगलेली खारी पुडिंगं आणि वरून ओतलेली ग्रेव्ही यांच्या ताटांनी टेबलं भरली. नोरीनला आनंद व्हायला हवा होता. ती मात्र कोण कुठे धावतंय, कुणाचा हात शेकोटीच्या जाळीवर आहे, कुणाचा पाय रेजच्या कुत्र्याच्या शेपटीवर पडतोय, हेच बघत होती. खिडकीजवळ टोबी आणि इमोजेन हे नवं जोडपं होतं. त्यांची पाच वर्षांची मेबल जेवण टाकून सगळ्या टेबलांवर फिरत होती. फिरत फिरत ती डॉमिनोपाशी येऊन थांबली. सिरिलनं तिला नाव विचारलं, तिनं सांगितलं.

"माझ्या मावशीचं नाव," सिरिल म्हणाला. "तिला दाढी होती."

मेबलनं हनुवटी चाचपली. रेजसुद्धा हसला. नेमकं त्याच वेळी बिअरचं पिंप संपलं.

पिंप बदलायला तळघरात जावं लागे, आणि तळघराची झडप बारच्या मागे, जमिनीत. नोरीनच्या सासऱ्यांपासूनची पद्धत अशी, की झडप उचलायच्या आधी "झडप!" म्हणून ओरडायचं. मग पबमधला माणूस असेल तिथं थबके. कितीही चढलेली असो, त्या एका शब्दाला पाय थांबत. नोरीन ओरडली, म्हातारे थबकले, ती खाली उतरली, नवं पिंप जोडून वर आली आणि पुन्हा नळाला लागली.

"मेबलला पाहिलंत का?" इमोजेननं विचारलं तेव्हा नोरीनचा हात नळावरच राहिला.

स्वच्छतागृहात नव्हती. टेबलाखाली नव्हती. टोबीनं हाक मारली, मग मोठ्यानं मारली. नोरीन मागे वळली. झडप मिटलेली होती, पण कडी लावलेली नव्हती. आपण खाली असताना ती उघडीच होती, आणि 'झडप' म्हणजे काय हे त्या पोरांना कुणी सांगितलं होतं? तिनं स्वतः नव्हतं सांगितलं. मोठी माणसं सोडून इथं कधी कुणी पाऊलच टाकलं नव्हतं. ती जिना उतरली की घसरली, तिचं तिलाच कळलं नाही. पिंपांच्या मागे, खोक्यांच्या मागे, ओल्या फरशीवर वाकून ती हाका मारत राहिली. खाली फक्त गारठा होता. वर येताना तिच्या मनात रस्ता आला, उतारावरून भरधाव येणारे ट्रक आले, आणि ती तशीच दाराकडे धावली.

मेबल पायरीवर बसली होती. अंगावर सिरिलचा कोट, हातात लेमोनेडची बाटली, बाटलीत नळी. शेजारी सिरिल, नुसत्या स्वेटरवर, नोव्हेंबरच्या वाऱ्यात. तो वेफर्सच्या पाकिटातली निळ्या कागदाची मिठाची पुडी सोडून वेफर्सवर भुरभुरवत होता.

"पिशवी हलवायची असते," तो तिला समजावत होता. "नाहीतर सगळं मीठ तळाला."

नोरीन चौकटीला धरून उभी राहिली. त्याच पायरीवर, तशीच पिशवी लहानपणी तिच्यासाठी त्यानंच हलवली होती. तिचा बाप आत जाऊन बसला की बाहेर लेक आहे हे विसरे. सिरिलकाका विसरत नसे. पोर कंटाळलं की त्याला पायरीवर न्यायचं, काहीतरी खायला द्यायचं. पबमधल्या पोराचं याहून निराळं काय करतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तोवर टोबी तिच्या बाजूनं पुढे आला होता. त्यानं मेबलला उचललं, कोट खाली पडला.

"न विचारता बाहेर आणलंत कसं? कोण तुम्ही?"

"आत तिला गरम होत होतं," सिरिल म्हणाला. "मला वाटलं..."

"अहो, भला माणूस आहे तो," नोरीन घाईघाईनं मध्ये पडली. "आयुष्यभर या पायरीवर पोरांना वेफर्स देत आलाय. मी लहान होते, तेव्हा मलासुद्धा."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि टोबीचा चेहरा बदलला. खाऊ देऊन परक्या पोरांना बाहेर नेणारा म्हातारा, एवढंच त्यानं ऐकलं होतं. इमोजेननं नवऱ्याचा दंड धरला. आपण सावरायला गेलो आणि माणसाला आणखी खोल ढकललं, हे नोरीनला कळलं. टोबीनं तिला खालच्या आवाजात सांगितलं, की असा माणूस इथे बसत असेल तर आम्ही येणार नाही, आणि आमच्या इमारतीतलं कुणीच येणार नाही.

सिरिलनं ते ऐकलं होतं. त्यानं कोट उचलला, झटकला, आत जाऊन उरलेली बिअर उभ्यानंच संपवली. ग्लास बारवर आणून ठेवला. एवढ्या वर्षांत तो त्यानं कधी स्वतः आणून ठेवला नव्हता.

"चांगली गर्दी झाली हं, पोरी," म्हणाला, आणि गेला. रेज सोंगट्या डब्यात भरत राहिला. बोलिंग क्लबचं नाव त्यानं काढलं नाही.

आठवडाभर नोरीन दार वाजलं की मान वर करी. दोनदा त्याच्या घरी जाऊन आली. आतून रेडिओ ऐकू येत होता, दार काही उघडलं नाही.

पुढच्या रविवारी पब पुन्हा भरला. टोबी नि इमोजेन आली होती, इमारतीतली आणखी दोन कुटुंबंही. ताटं नेता नेता नोरीनला दाराच्या काचेतून टोपी दिसली, खाली, पायरीच्या उंचीवर.

ती बाहेर गेली.

"सिरिलकाका, आत चला ना. मी बोलते त्यांच्याशी."

"नको गं. तुझं गिऱ्हाईक बिचकेल." त्यानं कॉलर वर केली. "इथं बरंय. आतलं ऐकू येतं सगळं. रेजनं आत्ता डबल सहा टाकला ना?"

ती आत गेली. त्याचा ग्लास भरला, वेफर्सचं पाकीट घेतलं, पुन्हा बाहेर येऊन पायरीवर त्याच्याशेजारी बसली. निळी पुडी सोडली, मीठ भुरभुरवलं, पिशवी नीट हलवली आणि त्याच्या हातात दिली.

आतून कुणीतरी ग्रेव्ही मागितली. ती उठली, आत आली, आणि दार तिनं थोडं उघडंच ठेवलं.

"वारा येतोय हो," खिडकीजवळून कुणी म्हणालं.

"येऊ दे," नोरीन म्हणाली, आणि ग्रेव्ही आणायला गेली.