भय्यासाहेबांचा हस्तिदंत

एकोणीसशे छप्पनचा दसरा तोंडावर आला होता. त्यानंतर अडीच आठवड्यांत आमचा मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन होणार होता आणि माझे शेजारी भय्यासाहेब यांची कचेरी भोपाळला हलणार होती. फ्रीगंजमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना त्याचीच चिंता. भय्यासाहेबांना मात्र चिंता होती एका वस्तऱ्याची.

मी शाळेत हस्तकला शिकवत असे. एका संध्याकाळी ते रुमालात गुंडाळलेला वस्तरा घेऊन आले.

"मास्तर, याची मूठ बदलून द्या. खंडेनवमीच्या आत. वडिलांना दरबारातून मिळालाय. असली हस्तिदंत!"

त्यांच्या घरी एके काळी तलवार होती. ती कुठे गेली हे कोणी सांगत नसे. तेव्हापासून खंडेनवमीला शस्त्र म्हणून हा वस्तराच पूजेला बसे.

मूठ म्हणजे पात्याच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्या. मिटलेलं पातं त्यांच्यामध्ये राहतं. त्या पट्ट्या पिवळ्या पडून तडकल्या होत्या, आणि पातं जेवढं त्यांच्या आत राही तेवढंच नेमकं गंजलं होतं. मी मूठ नाकाशी नेली. कापराचा वास आला.

"येणारच," भय्यासाहेब म्हणाले, "देवघरात असतो ना."

कापूर घालून करतात ते सेल्युलॉइड. कंगवे, बाहुल्या त्याच्याच. जुनं झालं की ते स्वतः सडतं आणि शेजारच्या पोलादालाही गंजवतं. मला हे ठाऊक होतं. पण वर्गात मी उत्तर कधी आधी सांगत नाही. मुलाला आपलं आपण सापडलं की ते पक्कं बसतं.

"आणखी एक," ते कुजबुजले. "आमचे मेहुणे श्रीपाद इंदूरहून येताहेत. त्यांच्या मते हा हस्तिदंत नकली. मी सगळ्यांसमोर सांगून बसलोय, नकली निघाला तर मिशी उतरवीन."

आता, ही मिशी साधी नव्हती. तिची दोन्ही टोकं कानांच्या दिशेने निघालेली होती. कचेरीत लोक आधी तिला नमस्कार करत, मग भय्यासाहेबांना. भोपाळच्या नव्या साहेबांसमोर जायचं ते तिच्याच भरवशावर.

मी कामाला लागलो. शिंगाची मूठ बरी होते, पण त्यांच्या पत्नी अंबिकाबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "देवघरात शिंग नको हं, मास्तर!" मग शाळेतली मोडकी शिसवी पट्टी घेतली. जुन्या पट्ट्या तिच्यावर ठेवून आकार काढला, कापला, घासला. पात्याचा गंज रॉकेल आणि राखेने उतरवला. पितळी तारेची खीळ घालून हलक्या हातोडीने टक टक ठोकत बसलो. खीळ घट्ट झाली तर पातं उघडत नाही, सैल राहिली तर मिटताना लाकडाला घासतं. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

जुन्या पट्ट्या भय्यासाहेबांनी परत मागून घेतल्या. "हस्तिदंत आहे, पूजेत ठेवीन."

"आरतीपासून हातभर लांब ठेवा," मी म्हणालो.

"का?"

"ठेवा तर खरं."

खंडेनवमीला पाटावर नव्या मुठीचा वस्तरा आणि तांब्याच्या ताम्हनात त्या दोन पट्ट्या मांडल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या हळूच जवळ ओढून घेतला. श्रीपाद ताम्हनावर वाकून हुंगले आणि नुसते हसले. भय्यासाहेबांना ते हसू सोसलं नाही.

"अहो, हस्तिदंत आहे! पेट घेत नसतो, बघा!" म्हणत त्यांनी पेटता कापूर ताम्हनातल्या पट्ट्यांना नेऊन भिडवला.

भक्क! हातभर ज्वाळा उठली. मी तांब्या ओतेपर्यंत ताम्हनात काळा डाग तेवढा उरला.

"भाऊजी," श्रीपाद शांतपणे म्हणाले, "तुमचा हत्ती पेटला."

भय्यासाहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्हाला माहीत होतं?"

"वासावरून."

"मग बोलला का नाहीत? मी काय तुमच्या वर्गातलं पोर आहे?"

"पोरांनी ऐकलं असतं," अंबिकाबाई म्हणाल्या.

आता मिशी. भय्यासाहेबांनी घसा साफ केला. "नवरात्रात वस्तरा लावत नाहीत."

"मग उद्या," श्रीपाद म्हणाले.

"उद्या दसरा. सणाच्या दिवशी?"

"परवा सोमवारी."

"एकादशी!"

"मंगळवारी?"

"मंगळवारी हजामत कोण करतं हो?"

भय्यासाहेबांचा हिशेब सरळ होता: मेहुण्यांची रजा मंगळवारी संपत होती. श्रीपादांनी मात्र टपाल कचेरीत जाऊन रजा वाढवण्याची तार केली आणि येऊन बहिणीला म्हणाले, "ताई, बुधवारपर्यंत पुरणपोळी पुरेल ना?"

बुधवारी सकाळी भय्यासाहेब ओट्यावर आरसा टेकवून बसले. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला, डोळे मिटले, उघडले. पातं एकदाही अडखळलं नाही. दोन मिनिटांत मिशी साबणाच्या फेसात पडली.

"मूठ बरी झालीय," एवढंच ते म्हणाले.

अंबिकाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "अगं बाई! लग्नाच्या फोटोत दिसता तसेच दिसताय की!" दिवसभर त्या गुणगुणत होत्या. श्रीपादांचा चेहरा पडला. तार करून, रजा वाढवून त्यांनी भाऊजींना दहा वर्षांनी तरुण करून ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर भोपाळहून भय्यासाहेबांचं कार्ड आलं. 'वस्तरा उत्तम चालतो. खंडेनवमीला पूजेत मांडला. इथल्या शेजाऱ्यांना सांगितलं आहे की मूठ दरबारच्या रक्तचंदनाची आहे. आपण कधी आलात तर कृपया बोलू नये.'

मी उलट टपाली कळवलं, 'बोलणार नाही. फक्त आरतीपासून हातभर लांब ठेवा.'