अनुमोदक

सहावा विषय मंजूर झाला तशी बाईंनी विषयपत्रिकेचं पान उलटलं आणि सातवा वाचायला घेतला. उजव्या हातात कागद, डाव्या हातात पेन. सभा सुरू होऊन पाऊण तास झाला होता आणि पेनाचं टोपण अजून निघालेलं नव्हतं.

कुणाच्या ते लक्षात आलं नाही. नगरपालिकेच्या सभागृहात लक्ष देण्यासारखं इतरही पुष्कळ असतं. कोपऱ्यातला पंखा खडखडत होता, मागच्या रांगेतले दोन सदस्य एकमेकांच्या कानात काहीतरी सांगून हसत होते, शिपाई बिस्किटांची बशी कुणापुढे आधी ठेवायची या विचारात दारातच थांबला होता. बाईंसमोर हिरव्या कापडी बांधणीची इतिवृत्ताची वही उघडी होती आणि तिच्यात आजच्या सातही विषयांचे ठराव कालच दुपारी लिहून झाले होते. शाई केव्हाच वाळली होती.

एकोणीस वर्षं बाई सभेचं इतिवृत्त लिहीत होत्या. त्यांच्या अक्षराला लोक मोत्यासारखं म्हणत, पण ते काही खरं नव्हतं. मोती घरंगळतात, बाईंचं अक्षर एकदा बसलं की बसलं. एकोणीस वर्षांत एकही खाडाखोड नाही, एक शब्द गाळलेला नाही. वरच्या कचेरीतून पत्र आलं होतं की पुढच्या आठवड्यात आसपासच्या नगरपालिकांचे लिपिक ही वही पाहायला येतील, नमुना म्हणून. ते पत्र बाईंनी घरी नेऊन नवऱ्याला दाखवलं, सासूबाईंना वाचून दाखवलं आणि मग शेजारीण सहज आली तेव्हा ते सहजच टेबलावर पडलेलं होतं.

आधी लिहून आणायची सवय कशी लागली, त्याला एक चहाचा कप कारण झाला. तिसऱ्या वर्षी दोन सदस्य गटारीच्या झाकणावरून हमरीतुमरीवर आले आणि कप थेट वहीवर कलंडला. ते पान वाचवता वाचवता बाईंचा जीव मेटाकुटीला आला. तेव्हापासून त्या आदल्या दिवशीच, शांतपणे, ओळीला ओळ लावून लिहून ठेवत. सभागृहात काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. आरडाओरडा होणार, कुणीतरी सभात्याग करणार, चहा आला की परत येणार आणि विषय मंजूर होणार. ते दोघे एकमेकांच्या गळपट्टीला धरण्याच्या बेतात होते त्या दिवसाचीही वहीत नोंद होती: ‘सांगोपांग चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.’

प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लागतात. सूचक आणि अनुमोदक. सूचक व्हायला मारामारी. ते नाव वर्तमानपत्रात येतं. अनुमोदकाला कोण विचारतो? दहा वर्षांपूर्वी एका सभेत कुणीच हात वर करेना, तेव्हा बाईंनी टेबलाशेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे काका बसले होते, पहिल्यांदाच निवडून आलेले, हात मांडीवर ठेवून. त्यांनी मान हलवली. बाईंनी नाव लिहिलं. ती एक मान बाईंनी कायमची मानली आणि मग काही विचारायची गरजच राहिली नाही. दहा वर्षांत काका सभागृहात एकदाही उठून बोलले नव्हते. बाकीचे त्यांना पाठीमागे ‘मम’ म्हणत, आणि पुढ्यात ‘काका’.

"विषय क्रमांक सात," बाई वाचू लागल्या. "ओढ्यावरील लोखंडी पादचारी पुलाच्या कठड्याचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याची नोंद घेणेबाबत."

"मांडला," बांधकाम सभापती बसल्या जागेवरून म्हणाले. ते आडव्या अंगाचे गृहस्थ होते आणि हाक मारली तरी घोषणा वाटावी असा त्यांचा आवाज होता. "अनुमोदन आहेच. चहा घ्या आता."

अध्यक्षांनी हातोडी उचलली. त्या शिकवणीचे वर्ग चालवत आणि सभाही तशीच चालवत. घंटा झाली की पाटी पुसायची.

"अनुमोदन नाही," कुणीतरी म्हणालं.

आवाज इतका जवळून आला की बाईंना वाटलं आपणच बोललो. काका उभे राहिले होते. उभं राहायची सवय नसल्यामुळे एक हात टेबलाच्या कडेवर होता. नखांत वंगणाची काळी रेघ होती.

"काय झालं, काका?" अध्यक्षांनी हातोडी तशीच धरून विचारलं.

"मी जाऊन बघून आलो. पलीकडच्या बाजूचा कठडा धरला की हलतो."

सभापती हसले.

"अहो काका, लोखंड आहे ते. थोडं हलणारच. दहा वर्षांत कधी नाही म्हणाला नाहीत, आज एकदम काय काढलंत?"

काकांनी खिशातून विषयपत्रिकेची घडी काढली. तिच्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यांनी घडी उलगडली, कागद नीट सरळ केला आणि तो तसाच बाईंच्या उघड्या वहीवर पसरून ठेवला. कागदावर बोटभर लांबीचा निळा रंग दिलेला बोल्ट होता.

"हा बोटांनी निघाला," काका म्हणाले. "पाना लागलाच नाही. डोकं बघा, रंग जसाच्या तसा. पाना लागला की कडेचा रंग उडतो, कुणीही लावा. नुसते हातानं फिरवून वरून रंग मारलाय. आतमध्ये वायसरसुद्धा नाही."

पंख्याची खडखड तेवढी ऐकू येत होती. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मम बोलायला लागला की," आणि त्यावर एकही माणूस हसला नाही.

"एक बोल्ट सुटला असेल," सभापती म्हणाले, पण आवाज थोडा खाली आला होता.

"अकरा. मी मोजले. शाळा सुटल्यावर पोरं त्या कठड्याला रेलून खाली ओढ्यात खडे टाकतात. आज इथं समाधानकारक लिहिलं की पुढं दहा वर्षं तिकडं कोण बघणार? नोंद झाली म्हणजे झाली."

आता एकदम चारजण बोलू लागले. एक म्हणाला, हे मी आधीच सांगितलं होतं; दुसऱ्याने त्याला तोंड वर करून विचारलं, कधी? अध्यक्षांनी हातोडी आपटली.

"बाई, आत्तापर्यंत काय लिहिलंत ते वाचून दाखवा. शब्द न् शब्द नोंदवला गेला पाहिजे."

सभापती खुर्चीतून अर्धे उठून वहीकडे वाकले होते. त्या कागदाखाली, सुबक अक्षरात, समोर उभ्या असलेल्या काकांचं नाव ‘अनुमोदक’ म्हणून लिहिलेलं होतं आणि त्याच्या वर ‘सर्वानुमते मंजूर’. कागद जरा सरकला असता तर एकोणीस वर्षांची अब्रू चव्हाट्यावर आली असती.

काकांचा हात अजून कागदाच्या कडेवरच होता. तो त्यांनी उचलला नाही.

बाईंनी समोर पाहिलं. मग वहीवर नजर ठेवली, म्हणजे त्या निळ्या बोल्टवर, आणि वाचायला सुरुवात केली. कुठेही न लिहिलेलं वाचायला.

"विषय क्रमांक सात. सदर ठरावास अनुमोदन देण्यास सायकल दुरुस्तीचा व्यवसाय असलेल्या सन्माननीय सदस्यांनी नकार दिला. त्यांनी स्वतः पुलाची पाहणी केली असून कठड्याचे अकरा बोल्ट हाताने फिरतात, असे निदर्शनास आणले. पैकी एक बोल्ट त्यांनी सभागृहासमोर ठेवला." बाई थांबल्या. "पुढचं सभागृह ठरवेल तसं, मॅडम."

"छान," अध्यक्षा म्हणाल्या. "असंच हवं."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. सभापतींनी तो बोल्ट उचलून बोटांत फिरवला, डोक्यावरचा रंग नखाने खरवडून पाहिला आणि सगळ्यांच्या देखत थोडे लाल झाले. उद्या सकाळपासून पूल बंद ठेवावा, प्रत्येक बोल्ट वायसर घालून पान्याने आवळावा आणि काकांनी हात लावून पाहिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं कुणी म्हणू नये, असा ठराव त्यांनी स्वतःच मांडला. माणूस मोठ्या आवाजाचा होता, खोट्या मनाचा नव्हता.

"अनुमोदक?" अध्यक्षांनी विचारलं.

नऊ हात वर गेले. दहा वर्षांत अनुमोदनाला इतके हात बाईंनी पाहिले नव्हते. काकांनी मात्र हात वर केला नाही. त्यांनी बाईंकडे बघून नुसती मान हलवली. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

सभा संपली, बिस्किटं संपली, माणसं पांगली. बाईंनी कागद बाजूला केला. मग पट्टी घेतली, आधी लिहिलेल्या ठरावावर एक सरळ रेघ मारली आणि त्याखाली घडलं तसं सगळं लिहून काढलं. रेघ मारताना घरातली ठेवणीतली बशी आपल्याच हातून फुटावी तसं झालं. खोडलेल्या मजकुराशेजारी समासात दोन सह्या लागतात. एक त्यांनी केली.

काका दारापाशी थांबलेच होते.

"काका, इथं सही लागेल तुमची."

ते खुर्चीत बसले आणि सही करू लागले. त्यांची सही लांबलचक होती, प्रत्येक अक्षर सुटं.

"तुम्हाला माहीत होतं," बाई हळूच म्हणाल्या. "मी आधीच लिहून आणते ते."

"माझ्या खुर्चीतून सरळ दिसतं की. पहिल्या वर्षापासून."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं त्यात? खोटं कुठं होतं?" काकांनी मान वर केली. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "विषयपत्रिका घरी आली की मी सायकल काढायचो. नळ असो, दिवा असो, गटार असो. खाली माझं नाव लागणार हे ठरलेलंच. मग बघायला नको? कुठं काही कमी असलं तर मुकादमाला गाठायचो, सभेच्या आत करून घ्यायचो. तुमच्या वहीत खोटं यायला नको म्हणून. या वेळी दोनदा हेलपाटा घातला, तो रजेवर. दुसरा इलाजच राहिला नाही बघा."

दहा वर्षं आपण या माणसाचं नाव न विचारता वापरलं, याची बाईंना आधी लाज वाटली. मग ती ओसरली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. ज्या वहीचा त्यांना एवढा अभिमान, तिच्यासाठी हा माणूस उन्हातान्हातून सायकल मारत फिरला होता, आणि वही खरी होती. अक्षरामुळे नाही. त्यांना एकदम फार अभिमान वाटला, आणि तो आपला एकटीचा नाही याचंही बरं वाटलं.

"दुकान उघडं टाकून आलोय," काका उठत म्हणाले. सहीवरून हात उचलताना त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा समासात उमटला.

"अरे अरे, वही खराब झाली," ते ओशाळून म्हणाले.

बाईंनी टिपकागद उचलला. मग तो परत जागेवर ठेवला.

घरी जाताना त्या पुलावर थांबल्या. रोज दोनदा त्या या पुलावरून जात आणि रोज मधोमध चालत. त्यांनी पलीकडच्या कठड्याला हात लावला. पहिला बोल्ट फिरला. दुसरा फिरला. पाचव्यावर निळा रंग नव्हता. साधा, जुना, सायकलच्या दुकानातला वाटावा असा होता आणि डोक्याच्या कडा पान्याने घासलेल्या होत्या. तो काही केल्या हलला नाही.

पुढच्या आठवड्यात लिपिक आले, सात गावांचे सातजण. बाईंनी टेबल पुसून ठेवलं होतं. पाहुण्यांना वाटलं होतं बाई पहिलं पान दाखवतील, नाहीतर मधलं एखादं देखणं. बाईंनी खूण घातलेलं पान उघडलं.

सगळे वाकून पाहू लागले. शेवटी त्यांच्यातला सर्वांत तरुण लिपिक अवघडून म्हणाला,

"बाई, इथं खाडाखोड झालीये."

"हो."

"आणि हा डाग?"

"अनुमोदकांचा आहे."

त्याने वही आदराने दोन्ही हातांनी उचलली.

"मग याची झेरॉक्स काढू? नमुना म्हणून?"

"काढा," बाई म्हणाल्या. "डागासकट काढा."