नऊ महिन्यांचा पगार

नोकरीला दुबई की मस्कत, हे दक्षाला एजन्सीला सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि शनिवार उजाडला होता. वापीच्या दवाखान्यात चार वर्षं अठरा हजारांवर राबलेल्या नर्सपुढे अशी दोन ताटं एकदम वाढली, तर एखादीचं डोकंच फिरायचं. पण दक्षा तसली नव्हती. तलासरीहून ड्युटीला जाता-येता बसमध्ये बसून तिने मोबाईलवर एका वेबसाइटवरून दोन्ही शहरांचे भाव काढले आणि वहीत शेजारी शेजारी मांडले.

ती वेबसाइट तरी कसली! कॉफीचा कप केवढ्याला, जिमची फी किती, सिनेमाचं तिकीट किती. हे सगळं दक्षाने एका फटक्यात खोडलं आणि तांदूळ, अंडी, बसचा पास, खोलीचं भाडं एवढंच ठेवलं. सुक्या बोंबलाचा भाव तिथे नव्हता, म्हणून तिची आई रखमी त्या वेबसाइटवर कायमची नाराज होती. बोंबील मीच चिंचणीहून आणून बांधून देईन, असं तिने जाहीरही करून टाकलं होतं.

दुबईला पगार एक लाख दहा हजार. पण राहणं-खाणं आपलं आपण. चौघींत एक खोली घेतली तरी महिन्याला सत्तर हजारच उरत होते. मस्कतला पगार सत्तर हजार, खोली दवाखान्याची, न्यायला-आणायला गाडीही त्यांचीच. तिथे पंचावन्न उरत होते. म्हणजे महिन्याला पंधरा हजारांचा फरक. आता यात डोकं खाजवण्यासारखं काय होतं? दक्षाने मनातल्या मनात दुबई ठरवूनही टाकली होती. फक्त बाबांचा होकार हवा होता. तो नसता तर ती गेली नसती, कारण तिचं नर्सिंग त्यांनी समुद्रावर हाडं झिजवून पुरं केलं होतं.

तिचा बाप हिरू गुजरातकडच्या मासेमारी बोटींवर खलाशी होता. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला जायचा, तो मे सरताना परतायचा. पावसाळ्यात बोटी बंद. तेवढ्या दिवसांत भाताची आवणी उरकायची, घराचं छप्पर नीट करायचं, पोरांची तोंडं बघायची. तीस वर्षं हेच चाललं होतं, आणि दोन आठवड्यांनी तो पुन्हा निघणार होता.

दुपारी जेवणं झाल्यावर दक्षाने वही त्याच्यापुढे ठेवली. हिरूने बोट लावून एकेक ओळ वाचली, खोलीचं भाडं बघून कपाळाला हात लावला, मग पेन मागितलं. सत्तरला नऊने गुणलं, पंचावन्नला नऊने गुणलं, आणि खुशीत म्हणाला की दुबईच बरी, जा तू.

दक्षाला हसू आलं. नऊ कुठून आले, तिने विचारलं, वर्षाचे महिने बारा असतात. त्यावर हिरूनेच तिला वेड्यात काढलं. पावसाळ्याचे तीन महिने तू घरी असणार, मग त्यांचा पगार कोण देईल?

दक्षाचं हसू तिथेच विरलं.

आता गप्प बसणं किती सोपं होतं बघा. होकार तर मिळालाच होता. बाकीचं पुढे कधीतरी फोनवर सांगता आलं असतं. वही उचलायला तिने हात पुढे केलाही. मग तिची तिलाच लाज वाटली.

“बाबा, तिथे बोटी बंद होत नाहीत,” ती म्हणाली. “दवाखाना बाराही महिने चालतो.”

तांदूळ निवडणाऱ्या रखमीचे हात थांबले. हिरूने पेन खाली ठेवलं. मग त्याने हळूच विचारलं, घरी कधी यायला मिळेल?

हे दक्षाने बघितलंच नव्हतं. अंड्यांचे भाव तिला तोंडपाठ होते, पण करारातलं सुट्टीचं पान तिने तसंच उलटलं होतं. तिने मोबाईल काढून दोन्ही करार पुन्हा वाचले. दुबईवाले परतीचं तिकीट दोन वर्षांनी देणार होते. मस्कतला वर्षाकाठी एक महिना भरपगारी सुट्टी होती आणि जाण्या-येण्याचं तिकीट दवाखान्याचं होतं.

ते ऐकून हिरू सावरून बसला. एका वर्षी हजार रुपये जास्त मिळतात म्हणून तो नव्या बोटीवर चढला होता. सीझन संपल्यावर शेठने हात झटकले, आणि घरी यायला त्याला भावाकडून पैसे मागवावे लागले.

“परतीचं भाडं जो शेठ देतो, त्याच्याच बोटीवर चढायचं,” तो म्हणाला. “पुढच्या साली तू परत यावीस असं त्याला वाटतं, म्हणून तो देतो. तो माणसाला नीट ठेवतो.”

पंधरा हजारांची दक्षाला हळहळ वाटली, खोटं कशाला सांगा? रात्री तिने पुन्हा एकदा आकडे जुळवून बघितले. आकडे तेच होते, पण आता छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि मस्कतला कधी एकदा जाते असं तिला झालं होतं.

सोमवारी सकाळी तिने एजन्सीच्या बाईंना फोन करून मस्कत कळवलं, आणि सुट्टी जुलैत मिळेल का ते विचारून ठेवा म्हणाली. बाईंना नवल वाटलं. मुली दिवाळी मागतात, लग्नसराई मागतात. भर पावसात घरी येऊन ही काय करणार? जुलैत काही कार्य आहे का, त्यांनी विचारलं.

“नाही,” दक्षा म्हणाली. “जुलैत आमच्या घरी सगळे असतात.”