ताडपत्रीतलं भोक

पाठीवर पोहण्यात वीप्के होफ्स्त्राचा हात धरणारी अख्ख्या हॉलंडात कोणी नव्हती. विक्रमही केले तिने. पण साधा पोहता येत असल्याचा दाखला काही तिच्याकडे नव्हता. तिच्या स्नेक गावातली सहा-सात वर्षांची पोरंही कपड्याबुटांसकट पाण्यात उडी टाकून तो मिळवतात. वीप्के लहानपणीच शर्यतींना जायला लागली, आणि जिंकणाऱ्याला दाखला मागतंय कोण! आता खांदा कायमचा दुखावला आणि शर्यती संपल्या. गावच्या नव्या तलावावर पोहणं शिकवायची जागा निघाली होती. ती तिला मनापासून हवी होती. पण दाखल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

"पट्टीच्या पोहणाऱ्या बाईसाहेब, शनिवारी पोरांच्या रांगेत उभ्या राहा," परीक्षक दाइक्स्त्रा म्हणाले.

वीप्के हसली, पण वरवर. कपड्याबुटांचं काही नव्हतं. पाण्यात एक ताडपत्री पडद्यासारखी उभी सोडतात आणि बुडी मारून तिच्या भोकातून पलीकडे निघायचं असतं, भीती होती ती त्याची. लहानपणी ती कालव्यावरचा बर्फ फुटून आत गेली होती. तळाचा तो काळोख पाहिल्यापासून तिने पाण्यात कधी खाली पाहिलं नव्हतं. लोकांना वाटे, पाठीवर पोहणं ही पोरीला देवाची देणगी. खरं काय ते एकट्या आईला ठाऊक.

शनिवारी तलावाचे बाक आईबापांनी आणि आजीआजोबांनी भरले होते. वीप्के स्वेटर घालून पाण्यात उतरली, ताडपत्रीपाशी गेली, तोंड खाली घातलं आणि खोकत वर आली. दुसऱ्यांदाही तेच.

"काय गं, शर्यतीतली पदकं उसनी आणली होतीस का?" बाकावरच्या बापांतला येल्ले ओरडला. हशा पिकला.

"तू दात काढू नकोस, येल्ले!" वीप्केची आई कडाडली. "तुझी लेक सकाळी शिडी सोडत नव्हती, ते विसरलास?"

वीप्केने काठ धरला. लाज वाटत होती, पण लपवून लपवून ती थकली होती.

"सर, मला खाली बघायची भीती वाटते," ती मोठ्याने म्हणाली.

कोणी हसलं नाही. दाइक्स्त्रांनी डोकं खाजवलं. "भोकातून जायचं, एवढाच नियम आहे. पोट खाली की वर, ते कोणी ठरवलेलं नाही."

मग ती उताणी झाली, बुडाली, आणि वरच्या उजेडाकडे बघत झरकन भोकातून निघाली. टाळ्या पडल्या.

"पास!" दाइक्स्त्रा म्हणाले.

"थांबा, सर. ही पोरं पालथीच जाणार. त्यांना शिकवायचं ते मी कोणत्या तोंडाने?"

आई बाकावरून उठून उभी राहिली. वीप्केने छातीभर श्वास घेतला, तोंड खाली केलं आणि डोळे उघडे ठेवले. तिला पलीकडे यायला बराच वेळ लागला. वर येताच तिने आईला शोधलं.

"आई!" ती ओरडली. "अगं, खाली नुसती निळी फरशी आहे!"