सुलतानाबाईंनी मला उघडलं तो दिवस

मित्रांनो, वडशाच्या रेल्वे फाटकाजवळच्या आमच्या गल्लीत मे महिन्यातल्या दुपारी उभे राहिलात, तर ओळीनं कूलर फडफडताना ऐकू येतील. त्या गोंगाटात एकच आवाज जाड, संथ आणि थोडा खोकणारा असेल. तो माझा. मी खिडकीत बसवलेला एक म्हातारा एसी आहे. वय वर्षं बावीस. आमच्यात एवढं सहसा कोणी जगत नाही, म्हणून मला थोडा गर्व आहे. तेवढा सोसून घ्या.

मी कारखान्यात जन्मलो तेव्हा माणसांनी पत्रा वाकवला, तांब्याच्या नळ्या बसवल्या, नळ्यांत मूठभर गॅस भरून त्यांची तोंडं बंद केली आणि बटण दाबलं. गॅस पळू लागला. खोलीतली उष्णता पिऊन घ्यायची, मागच्या अंगाला जाऊन ती बाहेर टाकायची आणि पुन्हा आत यायचं, एवढंच त्याचं काम. बावीस वर्षं तोच गॅस माझ्या अंगात फिरतो आहे आणि तो दमत कसा नाही, याचं मला अजून नवल वाटतं. माझ्या पोटात आणखी एक वस्तू आहे. मुठीत मावेल असा एक गोल डबा, त्याला कपॅसिटर म्हणतात. तो वीज साठवून ठेवतो आणि मोटारीला जोर देतो. हा डबा दिसायला गरीब आहे. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ना, त्यातला. त्याची मला स्वतःलाच भीती वाटते.

पहिली पंधरा वर्षं मी चंद्रपूरकडे, कोळसा खाणीच्या एका साहेबांच्या बंगल्यात काढली. दर मार्चमध्ये मेकॅनिक येऊन मला न्हाऊमाखू घालायचा. पाहुणे माझ्यासमोर उभे राहून शर्टाची बटणं सोडायचे आणि "वा!" म्हणायचे. मग भिंतीवर नवा, पांढरा, सडपातळ एसी आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तीन वर्षं माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. मी संपलो असं मी धरून चाललो होतो.

तिथून मला वडशाला आणलं ते सुलतानाबाईंनी. त्यांचे यजमान सादिकभाऊ मंडपाचं काम करायचे. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आला की गावोगावी त्यांचे मंडप उभे राहायचे. चार वर्षांपूर्वी एका मंडपाचा बांबू निसटला, सादिकभाऊ उंचावरून मानेवर पडले आणि मानेखालचं सगळं अंग निर्जीव झालं. त्यात एक गोष्ट अशी झाली की ती ऐकून मी थक्क झालो. त्यांच्या अंगाला घाम येईनासा झाला. तुम्हाला उकडतं, घाम येतो, अंग थोडं निवतं. तुमच्या प्रत्येकाच्या कातडीतच देवानं एक एसी बसवून दिला आहे आणि तुम्ही त्याला "चिकचिक" म्हणून नावं ठेवता! सादिकभाऊंचा तो एसी बंद पडला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, उन्हाळ्यात खोली थंड ठेवा, नाहीतर अंगातली गरमी चढत जाईल आणि माणूस हातचा जाईल. कूलर लावून पाहिला, तर दमट हवेनं पाठीच्या जखमा चिघळल्या. म्हणून मी आलो. पाहुण्यांची हौस भागवणारा मी, एका माणसाचा घाम झालो.

आता सुलतानाबाईंबद्दल सांगतो. कूलर दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. होळी झाली की त्यांच्या ओट्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कूलर जमायचे. टाकीला डांबर लावायचं, पंप उघडून त्यातला गाळ काढायचा, तिन्ही बाजूंच्या ताट्यांत नवं गवत भरायचं. पंख्याचा छोटा कपॅसिटर तर त्या बोलता बोलता बदलायच्या. हेच हात दर दोन तासांनी सादिकभाऊंची कूस बदलायचे, कारण एकाच अंगावर पडून राहिलं की जखमा होतात. एवढ्याशा बाईनं एवढ्या थोराड माणसाला इतक्या अलगद वळवावं, हे मी खिडकीतून रोज बघायचो आणि रोज बघतच राहायचो.

यंदा मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला. मी धापा टाकू लागलो. सुलतानाबाईंना माझी दया आली आणि त्यांनी घरच्या माणसाला करावं तसं माझं केलं. कूलरची एक ताटी घेतली, गच्च गवत भरलं, ती माझ्या पाठीला, बाहेरच्या बाजूनं, सुतळीनं करकचून बांधली आणि दर तासाला तिच्यावर बादलीभर पाणी ओतू लागल्या.

"कूलरले गवत लागते, मंग याले काऊन नाई?" त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझी पाठ म्हणजे उष्णता बाहेर टाकायची जागा. तिथंच ओलं गवत बांधलं. खारं पाणी आणि गवताचा चुरा माझ्या जाळ्यांत बसत गेला, वारा आत-बाहेर करेना. मायेनं कोणी तोंडावर गोधडी टाकावी तशी माझी गत झाली. पाच दिवस मी ते सोसलं. सहाव्या दिवशी दुपारी आतली गरमी इतकी वाढली की कपॅसिटरवरची एक तार जळून सुटली. मी थांबलो. डब्यात मात्र वीज भरलेली राहिली.

सुलतानाबाईंनी स्वातीला फोन लावला. स्वाती ही आमच्या भागातली एसीची मेकॅनिक, कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका गोंड वस्तीतली, आयटीआय शिकलेली.

"स्वाती, एसी बंद पडला वं."

"बाई, मी नागभीडले आहे. चार कामं पडून आहेत. उद्या सकाळी आली तर चालन का?"

"चालन. काई घाई नाई."

काही घाई नाही! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण ज्या बाईकडे सारी गल्ली आपले कूलर घेऊन येते, तिला दुसऱ्यापुढं गयावया करणं जमलं नाही. फोन ठेवून त्यांनी माझा प्लग काढला आणि पेचकस घेऊन आल्या.

"काऊन उघडून राह्यली?" खाटेवरून सादिकभाऊ म्हणाले. "तिले येऊ दे."

"ते उद्या येते. तुमचं अंग पाहा, तवा झाला. तुमी पडून राहा."

"पडूनच तर आहो चार वर्षं," ते म्हणाले. दोघंही हसली. मला हसू आलं नाही.

स्क्रू निघाले. झाकण निघालं. सुलतानाबाईंनी टेस्टर आणून इथं-तिथं लावला. तो पेटला नाही. कूलरमध्ये एवढी परीक्षा पुरते. पण माझ्या डब्यातली वीज टेस्टरला दिसत नाही, प्लग काढला तरी ती जात नाही. कितीतरी वेळ ती तशीच दबा धरून बसते. मी आतून सगळं बघत होतो आणि एक पत्रासुद्धा हलवू शकत नव्हतो. त्यांनी जळालेली तार पाहिली. "सापडलं!" म्हणाल्या. गवताच्या पाण्यानं ओला असलेला हात आत घातला आणि बोटं डब्याच्या दोन्ही टोकांना एकदम लागली.

फट् असा आवाज झाला. सुलतानाबाई मागे फेकल्या गेल्या, भिंतीवर डोकं आपटलं आणि त्या फरशीवर पडून राहिल्या.

"सुलताना," सादिकभाऊ म्हणाले. मग पुन्हा, "ए सुलताना."

त्यांच्या छातीत मोठ्यानं हाक मारण्याइतका जोर नाही. बाहेर बारा कूलर गरजत होते. चार हातांवर बायको पडली होती आणि त्यांना मानेशिवाय काही हलवता येत नव्हतं. ते हाक मारत राहिले. खोली तापत गेली, त्यांचा चेहरा लालभडक झाला, तरी ते थांबले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं गेली. मी बावीस उन्हाळे पाहिले आहेत, मित्रांनो. त्या सात मिनिटांएवढा मोठा एकही नव्हता.

मग सुलतानाबाईंची बोटं हलली. त्या उठून बसल्या आणि उजवा हात डाव्या हातानं धरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हलते का?" सादिकभाऊंनी विचारलं.

"मुंग्या आल्या. पकड नाई येऊन राह्यली."

सादिकभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांना त्याच हाताची गरज होती. ते म्हणाले, "एसीले मेकॅनिक भेटन. तुझ्या हाताले कोन भेटन? मले कूस कोन देईन?"

डाव्या हातानं सुलतानाबाईंनी फोन उचलून पुन्हा स्वातीला लावला. ह्या वेळी त्यांनी सगळं सांगितलं. घरात कोण आहे, त्याला घाम येत नाही, अंग कसं तापलंय, आपण काय करून बसलो. सांगताना रडल्या.

मग त्यांनी शेजारच्या मंजुषाबाईंनाही फोन लावला आणि त्या बर्फाची लादी घेऊन धावत आल्या. डोकं आपटलेल्या आणि हातात बळ नसलेल्या सुलतानाबाईंना त्यांनी बसवूनच ठेवलं आणि सादिकभाऊंच्या अंगावर स्वतः ओली फडकी टाकून टेबलपंखा लावला. तासाभरात स्वाती आली. नागभीडहून स्कूटीवर, तोंडाला ओढणी गुंडाळून, त्या उन्हात. आल्या आल्या ती माझ्याकडे वळली नाही. आधी सादिकभाऊंच्या कपाळाला हात लावला, मग सुलतानाबाईंचा हात पाहिला.

"आज संध्याकाळी दवाखान्यात जाऊन छातीची पट्टी, ते ईसीजी, काढून घेजा, डोकंही दाखवजा. करंट लागल्यावर असंच नाई राहायचं," ती म्हणाली. थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "बाई, तुमी घाई नाई म्हनलं. मी तिथी एका लग्नाच्या हॉलचा एसी करून राह्यली होती. तो एक दिवस थांबला असता."

सुलतानाबाईंनी मान खाली घातली.

मग स्वातीचं काम सुरू झालं. हातमोजे घातले. डबा रिकामा झालेला असणार हे तिला कळलं होतं, तरी तिनं तो आपल्या साधनानं नीट रिकामा केला. "रिकामा आहे असं मी कधी मानत नाई," ती म्हणाली. नवा डबा बसवला, जळकी तार कापून नवी जोडली. शेवटी बाहेर जाऊन सुतळी कापली आणि गवताची ताटी काढून फेकली. माझ्या पाठीची जाळी तिनं बारीक धारेनं धुतली. काळं, गवताळ पाणी किती वेळ वाहत होतं. वारा पुन्हा माझ्या आरपार गेला तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत.

मला सुरू करून तिनं सुलतानाबाईंना खिडकीशी बोलावलं. "डावा हात इथी धरा. थंड. आता बाहेर या, इथी धरा."

"माय! भट्टीच आहे."

"हे भाऊंच्या खोलीतली गरमी आहे. एसी थंडी बनवत नाई बाई, गरमी उचलून बाहेर टाकते. तुमी त्याचं बाहेर टाकाचं दारच बांधून टाकलं."

सुलतानाबाई त्या गरम वाऱ्यात हात धरून उभ्या राहिल्या. जगातल्या सगळ्या कूलरांची नाडी ओळखणारी बाई, लहान पोरीसारखी डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. बंगल्यातल्या पाहुण्यांच्या सगळ्या "वा!" मी त्या एका नजरेवरून ओवाळून टाकीन.

"मंग मी काईच करू नको का?" त्यांनी विचारलं.

"काऊन नाई? पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. पाठीशी काई ठेवू नका. पेचकस लागन असं काम आलं, की मले फोन."

हात पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. तोवर मंजुषाबाई दर दोन तासांनी येऊन सादिकभाऊंना वळवायच्या. आता सुलतानाबाई माझी जाळी नळाखाली धुतात, सावलीत वाळवतात आणि पुसून परत बसवतात. ओट्यावर कूलर अजूनही येतात. कोणी एसीबद्दल विचारलं, तर त्या स्वातीचा नंबर देतात आणि म्हणतात, "तिले सगळं खरं सांगजा."

मित्रांनो, माझी काळजी घ्या, पण तुमच्या हाताला जमेल तेवढीच. जाळी धुवा, पाठ मोकळी ठेवा. आणि एखाद्या कडक दुपारी मी बंद पडलो, हातात पेचकस घेऊन माझं झाकण काढावंसं वाटलं, तर आधी मागे वळून खोलीत बघा. तिथं कोणीतरी असेल, ज्याला तुम्ही हवे आहात. माझं काय, मी यंत्र आहे. मला बंद राहता येतं.