बिनफुलाची जास्वंद

कॅनडातल्या थंडर बेसारख्या कडक थंडीच्या गावात जास्वंद लावायची म्हणजे उन्हाळाभर तिचं कौतुक करायचं आणि उरलेलं वर्ष तिची चाकरी करायची, असं इर्या नेहमी म्हणायची. तिच्या नवऱ्याला, तौनोला, त्या चाकरीचं काही वाटत नसे. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून तो जास्वंदींचाच झाला होता. सप्टेंबरात सरोवरावरून गार वारा सुटला की एकेक कुंडी नळीखाली धरून धुवायची, पानांच्या पाठीला साबणाचं पाणी मारायचं, फांद्या छाटायच्या, किडे घरभर होऊ नयेत म्हणून झाडं काही दिवस सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोलीत वेगळी ठेवायची, आणि मगच पुढच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीशी आणायची. इर्याच्या वाट्याला फक्त दार धरायचं काम.

"दार धर आणि बोलू नकोस," तो म्हणायचा.

"मी बोलले नाही तर तू भिंत खरवडून आत येशील."

त्यातलं एक रोप त्याचं स्वतःचं होतं. पिवळ्या जास्वंदीचा पराग गडद लाल फुलावर लावून त्याने बी धरलं होतं. त्यातून एकच रोप जगलं. ते कमरेएवढं वाढलं तरी त्याने फूल दाखवलं नव्हतं. यंदाच्या ऑगस्टमध्ये एक कळी आली. तौनो रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन तिच्यासमोर उभा राहायचा. कळी फुगली, देठाशी पिवळी झाली आणि गळून पडली.

"पुढच्या उन्हाळ्यात," तो एवढंच म्हणाला.

सप्टेंबरात गॅरेजमध्ये साबणाचं पाणी कालवताना तो बादलीवरच कोसळला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली, पण सगळी नाही. एक शब्द राहिला, "उद्या". डॉक्टरीणबाईंनी इर्याला समजावलं की त्याला सगळं कळतं, डोक्यात शब्द असतात, पण तोंडापर्यंत येईस्तोवर सगळ्यांचा हाच एक शब्द होतो. हो-नाहीची मानही भरवशाची नव्हती. तो मान हलवायचा आणि लगेच स्वतःवरच वैतागून उलटी हलवायचा.

तो दवाखान्यात असतानाच रेडिओवर पहिल्या हिमतुषाराची सूचना आली. इर्या आणि शेजारची डोरीन, दोघींनी धापा टाकत सगळ्या कुंड्या दुपारभरात आत ओढल्या. धुणं नाही, छाटणं नाही.

"तौनोने पाहिलं तर आपल्या दोघींना बर्फात उभं करेल," डोरीन म्हणाली.

"करू दे," इर्या म्हणाली. "उठून करू दे."

नोव्हेंबरात त्याला घरी आणलं. वरच्या मजल्यावर नेणं शक्यच नव्हतं, म्हणून दवाखान्यासारखी लोखंडी कठडा असलेली खाट पुढच्या खोलीतच मांडली, जास्वंदींच्या शेजारी. त्यांना पाहून त्याचा डावा हात उठला आणि डोळे भरून आले. इर्याला बरं वाटलं. निदान ही सोबत तरी आहे, तिला वाटलं.

हळूहळू ती त्याचा शब्द वाचायला शिकली. कॉफी हवी, उद्या. लघवीला लागली, उद्या. पाठ दुखते, उद्या. शब्दाकडे लक्ष द्यायचं नाही, डोळ्यांकडे आणि हाताकडे पाहायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं.

डिसेंबरात पानं पिवळी पडू लागली. बाहेर उणे पंचवीस, आत घर तापवणाऱ्या भट्टीची कोरडी हवा रात्रंदिवस घोंघावत होती. झाडं तहानली असणार, दुसरं काय? तिने झारी भरून आणली. पहिल्या कुंडीत धार पडताच तौनो म्हणाला, "उद्या."

"हो रे, एवढं झालं की आलेच."

"उद्या. उद्या." डाव्या हाताने तो कठडा वाजवू लागला.

तिने झारी ठेवून लघवीचं भांडं आणलं. त्याने ते ढकललं. कॉफी आणली, वेलदोड्याचा पाव आणला, पाठीमागची उशी सारखी केली. तो कठडा वाजवतच राहिला. शेवटी तिने उरलेल्या कुंड्यांत पाणी घातलं आणि त्याने डोळे मिटून घेतले. दमला बिचारा, असं तिला वाटलं.

मग हे नेहमीचंच झालं. ती झारी घेऊन आली की तो चिडायचा. झाडांची कामं आता आपल्या हातून होत नाहीत याचा त्याला त्रास होतो, असा तिने अर्थ लावला आणि तो झोपलेला पाहून पाणी घालू लागली. पानांमागे पांढऱ्या माश्या उठल्या, फांद्यांच्या बेचक्यांत बारीक जाळी धरली. तिने साबणाचं पाणी मारलं. पानं गळतच होती. सकाळी तो जागा व्हायच्या आत ती झाडून काढायची, पण उघड्या फांद्या कुठे लपवणार? आणि पानं गळतात म्हणून ती आणखी पाणी घालायची.

जानेवारीत डोरीन सूप घेऊन आली. खिडकीकडे पाहून तिने डबा खाली ठेवला, एका झाडाचं खोड धरलं आणि जरासं ओढलं. झाड मातीसकट वर न येता नुसतंच हातात आलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत. खोलीत डबक्यासारखा वास पसरला.

"इर्या, थंडीत ही झाडं झोपतात गं. माती वाळेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नसतो."

"पानं वाळत होती म्हणून..."

"मुळं कुजल्यावरही वाळतात."

इर्या खाटेकडे वळली. तौनो छताकडे पाहत होता. ती त्याच्या तोंडाशी वाकली.

"तू हेच सांगत होतास? आज पाणी नको, उद्या घाल, असं?"

त्याने मान हलवली. हो. मग नाही. मग पुन्हा हो, आणि मग चेहरा भिंतीकडे वळवला. तिला काहीच धड कळलं नाही. डोरीन पाठ करून उभी राहिली आणि उगाचच डब्यातलं सूप ढवळू लागली.

दोघींनी जमेल ते केलं. कुजकी मुळं छाटली, कोरडी माती भरली, फांद्या हातभर उंचीवर कापल्या. त्याच्या रोपाच्या चार कांड्या काढून पाण्याच्या पेल्यात ठेवल्या. त्या खालून काळ्या पडल्या. पुढच्या कांड्या वाळूत खोचल्या, त्याही गेल्या. बाजारातून आणलेल्या एका साध्या लाल जास्वंदीला तेवढा मार्चमध्ये डोळा फुटला.

"ही चिवट आहे," डोरीन म्हणाली. "हिला मारायला तू आणखी एक हिवाळा घे."

इर्या हसली आणि हसता हसता खुर्चीत बसून रडली.

एप्रिलमध्ये फिजिओथेरपीवाल्या मुलीने तौनोला चाकाच्या खुर्चीत कसं बसवायचं ते इर्याला शिकवलं. खिडकीबाहेर बर्फ काळवंडून खचत चालला होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने डाव्या हाताचं बोट कुंड्यांच्या रांगेच्या टोकाकडे रोखलं. तिथे त्याचं रोप होतं, म्हणजे कुंडीत उभी एक काठी. फेकून द्यायला इर्याचा हात धजावला नव्हता.

"ते राहू दे ना," ती म्हणाली. "ही लाल बघ, किती पानं धरलीत."

बोट हललं नाही.

तिने कुंडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली आणि पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली. तौनोने शेंड्याजवळ अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत तपकिरी. जिवंत असतं तर हिरवं दिसलं असतं. तो बोटभर खाली आला, पुन्हा खरवडलं. तपकिरी. आणखी खाली. साल सोलून निघत होती आणि आत ओल नव्हती. इर्याला म्हणावंसं वाटलं की बस, आता काही नाही त्यात. पण ते त्याला तिच्याहून चांगलं कळत होतं.

तो मातीपर्यंत पोचला. मग माती उकरून आतलं खोड खरवडू लागला. तिच्या हातांना कळ लागली तरी तिने कुंडी सोडली नाही. नखात माती आणि सालीचा भुगा भरला, तेव्हा कुठे त्याचा हात थांबला आणि कुंडीच्या काठावर पडून राहिला.

ती कुंडी खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली, कोमट पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन आली आणि त्याचं एकेक बोट पुसू लागली.