गुडघ्याच्या खाली

वहिनीचा नियम एवढाच होता, की चेंडू गुडघ्याच्या वर जाता कामा नये.

त्यामागे काही थोर विचार नव्हता. मोठ्या दवाखान्याच्या चादरी आमच्याकडे धुवायला येत, आणि वाळत घातल्या की त्यांची खालची कड बरोबर गुडघ्याला लागे. चेंडू खालून गेला तर चादरीखालून पलीकडे निघून जाई. वर उडाला तर चादरीवर आदळे आणि पांढऱ्या कापडावर मातीचा गोल उमटे. तसा डाग घेऊन चादर दवाखान्यात गेली, की तिथला स्टोअरकीपर ती दोन बोटांत धरून परत आणी. आजवर दोनदा आणली होती. दुसऱ्या वेळी म्हणाला होता, "तिसऱ्यांदा मी येणार नाही, नुसता निरोप येईल." दवाखान्याचं काम गेलं तर आमच्याकडे फक्त वस्तीतले कपडे उरले असते, आणि वस्तीतले लोक आपापले कपडे घरीच धुतात.

मी वहिनीचा धाकटा दीर. भाऊ गेल्यापासून धुण्याचं सगळं ती बघते आणि इस्त्री मी करतो. इस्त्रीच्या टेबलासमोर खिडकी आहे आणि खिडकीबाहेर आमची कपडे वाळत घालायची जागा. वस्तीतली सपाट, मोकळी म्हणावी अशी ती एकच. बाकी सगळीकडे घरं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. त्यामुळे वस्तीत काय चाललंय ते मला उभ्या उभ्या दिसतं, आणि जे दिसतं त्याबद्दल मत असणं हा माझा स्वभाव आहे. फुटबॉलबद्दल माझं मत असं, की ज्या खेळात कपडे इतके मळतात तो एखाद्या लाँड्रीवाल्यानेच शोधून काढला असावा.

चार वर्षांपूर्वी कंडक्टर जागा मागायला आला. हा खराखुरा बसचा कंडक्टर. सकाळची पाळी करून दुपारी मोकळा व्हायचा आणि मोकळा वेळ त्याला सोसत नसे. वस्तीतल्या लहान पोरापोरींचा संघ काढायचा म्हणाला. वहिनीने कापड पिळता पिळता विचारलं, "पोरं खेळणार, आणि माझ्या चादरींचं काय?"

"जपून खेळतील."

"जपून खेळतात त्याला खेळ म्हणत नाहीत," वहिनी म्हणाली, आणि वर हो म्हणाली. का, ते तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण तिच्या नाकावर राग असतो आणि माझं जेवणाचं ताट तिच्या हातात असतं.

ठरलं ते असं. चार वाजता मधल्या दोऱ्या उतरवायच्या. दोन्ही बाजूंच्या आणि टोकाच्या दोऱ्यांवरच्या चादरी मात्र दिवस मावळेपर्यंत राहणार, कारण दुपारी धुतलेल्या त्याआधी वाळत नाहीत. चेंडू गुडघ्याच्या वर गेला, की ज्याला दिसेल त्याने "चादर!" असं ओरडायचं आणि सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. चादरीला लागलाच, तर ज्याने उडवला त्याने ती हौदावर नेऊन स्वतःच्या हाताने धुवायची.

पोरं काय ते समजली. धुण्याची हौस कुणाला असते? चारेक महिन्यांत चेंडू जमिनीला चिकटला. या पायातून त्या पायात असा जायचा, की शिवणकाम चालल्यासारखं वाटावं. कंडक्टर तोंडात बसची शिट्टी धरून बघत उभा राहायचा आणि वाजवायचं विसरून जायचा. या सगळ्यांची म्होरकी टाचणी. अंगाने किडकिडीत म्हणून हे नाव, पण टोचायचीही तशीच. एकदा मला खिडकीतून म्हणाली, "काका, तुम्ही चार वर्षं बघताय, अजून एकदा तरी आत या की." मी म्हटलं, "मी आत आलो तर तुमच्या अंगावरचे शर्ट कोण बघेल?" ते शर्ट वहिनी दर आठवड्याला धुऊन द्यायची आणि इस्त्री मलाच करावी लागायची. फुटबॉलच्या शर्टाला इस्त्री! मी कंडक्टरला तसं बोललोही. तो हसला.

यंदा सगळ्या वस्त्यांची मिळून स्पर्धा निघाली. पहिल्या तीन संघांना वर्षभराच्या सामन्यांत जागा मिळणार होती. खरं मैदान, पायात बूट, दर आठवड्याला सामना. अट एकच, वय तेराच्या आत. आमच्यातली निम्मी पोरं पुढच्या वर्षी तेराची होणार होती, टाचणी धरून. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सुरुवातीचे सामने जवळच्या बारक्या मैदानांवर झाले आणि पोरांनी ते आरामात जिंकले. उपांत्य सामना शहरातल्या मोठ्या मैदानावर होता. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदाच बघायला निघाली, ठेवणीतले कपडे घालून. पाण्याचा कॅन उचलायला कुणीतरी हवं म्हणून मीही गेलो.

पाच मिनिटांत समोरच्या संघाने लांबून चेंडू उंच मारला. तो वर गेला तशी आमची अकराच्या अकरा पोरं एका सुरात ओरडली, "चादर!" आणि जागच्या जागी उभी राहिली.

समोरच्या पोराला आधी काही कळेचना. त्याने इकडे तिकडे पाहिलं, मग डोक्याने चेंडू जाळ्यात टाकला. लोक हसले. दुसऱ्यांदाही तेच झालं. आमची पोरं भानावर येऊन धावायची, पण चेंडू वर गेला की तोंडातून शब्द आधी निघे आणि पाय थांबत. चार वर्षांची सवय ती. तिसऱ्यांदा चेंडू वर गेला तेव्हा प्रेक्षकच ओरडले, "चादर!" आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसले. चार-शून्य. चारही गोल हवेतून.

मी वहिनीकडे पाहिलं. ती पाण्याच्या कॅनचं झाकण लावत होती, उघडत होती, पुन्हा लावत होती.

परतीच्या बसमध्ये टाचणी तिच्याशेजारी बसली होती. वहिनी म्हणाली, "अगं, चेंडू वर गेला की वर बघावं की नाही?"

टाचणीने तक्रार केली नाही. शाळेत विचारल्यावर उत्तर द्यावं तसं सांगितलं, "वहिनी, आपल्या मैदानाला वर नाहीच ना."



तिसऱ्या क्रमांकाचा सामना दोन आठवड्यांनी, रविवारी होता. हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी चार वाजायच्या आत वहिनीने झाडून सगळ्या चादरी उतरवल्या. त्यातल्या निम्म्या ओल्या होत्या. त्या तिने घरात टांगल्या. जिन्यात, स्वयंपाकघरात, माझ्या खाटेवर आडव्या तीन. मी म्हटलं, "वहिनी, मी झोपू कुठे?" ती म्हणाली, "खाली. चादरी वर आहेत, तुम्ही खाली. अडचण काय आहे, भावोजी?" ओल्या चादरी मला इस्त्रीनेच वाळवाव्या लागल्या. आधी तासात व्हायचं ते काम तीन तासांत होईना, आणि खोलीत इतकी वाफ कोंडायची, की मला माझंच नाक दिसेना.

आणि एवढं करून पोरं खेळली ती जमिनीवरूनच. मैदान मोकळं होतं, वर निळं आभाळ होतं, आणि चेंडू गुडघ्याच्या वर जायला तयार नव्हता. कंडक्टरने हाताने उंच फेकून दिला, की "चादर!" ओरडून सगळी थांबत आणि मग स्वतःवरच चिडत. तीन दिवस हेच. एक पोरगा रडला.

चौथ्या दिवशी वहिनीने मधल्या दोन खांबांना बांबू बांधून ते उंच केले आणि त्यांच्यामध्ये, पार वर, एकच चादर ताणून बांधली. दवाखान्याचा शिक्का असलेली, मी सकाळीच इस्त्री केलेली. म्हणाली, "चेंडू हिच्यावरून गेला पाहिजे. खालून गेला तर त्या दिवशीचं धुणं त्याचं."

कुणी पाय उचलेना. सगळी त्या चादरीकडे बघत राहिली. मग वहिनीने चेंडू उचलला, नळाखालच्या चिखलात चांगला लोळवला आणि दोन्ही हातांनी चादरीवर फेकून मारला. बरोबर मध्यभागी बसला. एवढा मोठा तपकिरी गोल.

"डाग निघतो," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मी हौदावर शोभेला बसलेय की काय?"

पहिला चेंडू टाचणीने मारला. तो चादरीवर आपटला. दुसऱ्या पोराचा खांबाला लागला. सातवा की आठवा वरून गेला, आणि पलीकडून कुणीतरी तो डोक्यावर घेतला आणि "आई गं!" म्हणून खाली बसला. मी खिडकीत हसलो. इस्त्री हातात होती तरी हसलो. त्या आठवड्यात आमची पोरं आभाळाकडे बघायला शिकली, आणि वस्तीतल्या निम्म्या घरांत डोकी दुखत होती.

सामन्याच्या आधीच्या गुरुवारी स्टोअरकीपर आला. माणूस वाईट नव्हता. डाग घेऊन आला नव्हता, एक घडी घातलेली चादर घेऊन आला होता. ती त्याने वहिनीच्या नाकाशी धरली. "वास येतोय. कोंदट. आजारी माणसाच्या अंगाखाली जाते ही."

वहिनीने वास घेतला. खोटं ती बोलली नाही. "घरात वाळवतेय. रविवारपर्यंतच. सोमवारपासून पुन्हा उन्हात."

"उद्यापासून उन्हात," तो म्हणाला. "दिवस मावळेपर्यंत, पूर्वीसारख्या. मला वरच्यांना उत्तर द्यावं लागतं हो. मशीनवर धुणारे लाँड्रीवाले हे काम मागायला माझ्या दारात बसून आहेत."

"तीनच दिवस मागतेय."

"चादरी तीन दिवस थांबत नाहीत."

बाहेर चार वाजले होते. कंडक्टर चेंडू उंच टाकत होता आणि टाचणी तो डोक्याने परत देत होती. एकदा, दोनदा, पाचदा. वहिनी खिडकीशी येऊन उभी राहिली, माझ्या खांद्याला लागून. मला वाटलं, आता ही दोऱ्या बांधायला बाहेर जाणार. माझ्या जिवात जीव आला, हे कबूल करतो.

"त्यांना ते ओरडायला मी शिकवलंय," ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. मग मागे वळून स्टोअरकीपरला म्हणाली, "मग उद्यापासून चादरींची गाडी पाठवू नका."

तो "विचार करा," म्हणाला आणि गेला. मला करपल्याचा वास आला तेव्हा खाली पाहिलं. इस्त्री चादरीवर तशीच टेकलेली होती. एवढ्या वर्षांत माझ्या हातून भाजलेली ती पहिली चादर. मला वहिनीचा भयंकर राग आला, आणि मी तिला थांबवलं नाही याचा त्याहून जास्त.

"पोरांना यातलं काही कळता कामा नये," वहिनी म्हणाली. "आणि ती भाजलेली माझ्याकडे द्या, पायपुसणी होतील."

रविवारी पोरं दोन-एकने जिंकली. त्यातला दुसरा गोल टाचणीने डोक्याने केला. कुणी काही ओरडलं नाही. चेंडू वर गेला, सगळी वर बघत राहिली, आणि ती त्याच्याखाली जाऊन उभी होती. सामना संपल्यावर ती धावत वहिनीकडे आली तेव्हा तिच्या कपाळावर मातीचा पुरता गोल उमटला होता. वहिनीने बाहीने पुसायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

शुक्रवार-शनिवार हातातल्या उरलेल्या चादरी धुऊन परत पोचवण्यात गेले होते. सोमवारीही दवाखान्याची गाडी आली नाही. आम्ही दोघं सवयीने उठलो, सवयीने चहा प्यायलो, आणि मग करायला काही नव्हतं. वहिनीने हौद घासून काढला. मी टेबलावरचं जुनं कापड बदललं. दुपारपर्यंत आम्ही एकमेकांशी चार शब्द बोललो असू, तेही चहाबद्दलच.

चार वाजता पोरं आली, अजून विजयाच्या धुंदीत. टाचणी सगळ्यांच्या पुढे होती. सामना झाला की चादरी पुन्हा दिवस मावळेपर्यंत राहणार हे पोरांना माहीत होतं, पण खांबांमध्ये दोऱ्या रिकाम्या होत्या. ती थांबली. दोऱ्या पाहिल्या, मग दाराशी बसलेल्या वहिनीला विचारलं, "वहिनी, चादरी कुठेयत?"

"वाळल्या लवकर आज."

टाचणीने वर पाहिलं. सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं. मग तिने कोरड्या हौदाकडे पाहिलं, आणि मग खिडकीतून माझ्याकडे.

मी गार इस्त्री उचलली आणि रिकाम्या टेबलावर फिरवायला लागलो.